अंबूबाईला दिसतं

विलेपार्ले, मुंबई
६ जानेवारी १९८४

ति. सहदेवमामांस,
वाल्मिकचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून झालं की फाडून टाका आणि आईला यातलं काही कळू देऊ नका. आधी एवढं कबूल करा, मग पुढचं वाचा.

परवा माझी सहामाही वैद्यकीय तपासणी झाली. आम्हा वैमानिकांना ती चुकत नाही. मी दर वेळी हसत जातो आणि हसत येतो. या वेळी डोळ्यांचे डॉक्टर नवे होते. त्यांनी थेंब घातले, कपाळावर दिवा बांधला आणि माझ्या उजव्या डोळ्यात बराच वेळ बघत राहिले. मग दिवा काढून, जेवण झालं का विचारावं तशा आवाजात म्हणाले, "आतला पडदा काठाला फाटलाय. आजपासून विमान बंद."

मामा, मला सगळं दिसतं! तक्त्यावरची शेवटची ओळ मी त्यांना उलट्या क्रमाने वाचून दाखवली. ते म्हणाले, "अक्षरं वाचतो तो मधला भाग. फाटलंय ते कडेला. ती फट वाढली तर भिंतीचा रंग सुटावा तसा पडदा सुटत येईल आणि मधलंही जाईल." दुसऱ्या दिवशी सकाळी मला नागपूरला विमान न्यायचं होतं. माझ्या जागी दुसरा गेला.

यावर आता लेसर आहे. चाकू नाही, टाका नाही. प्रकाशाचा बारीक झोत सोडून फाटलेल्या जागेभोवती डाग देतात, रिव्हेट मारावेत तसे, म्हणजे पडदा जागच्या जागी धरून राहतो. नीट झालं तर आमचं वैद्यकीय मंडळ पुन्हा तपासून मला विमान परत देईल. बिघडलं तर संपलं. कुणाकडून करून घ्यायचं ते माझ्यावर सोडलंय. दोन नावं मिळाली आहेत. एक सरकारी इस्पितळातल्या डॉ. इराणी, दुसरे दादरचे डॉ. गुंजीकर. त्यांनी स्वतःच्या दवाखान्यात नवं यंत्र आणलंय. तुमच्या चौकच्या शिबिरात आले होते ते हेच ना? माणूस कसा आहे, कळवा. तुम्ही म्हणाल तसं करीन.

आपला,
वाल्मिक

*

चौक, ता. खालापूर
९ जानेवारी १९८४

चि. वाल्मिक यास सहदेवमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. मी कागद फाडत नाही. पण बायजाअक्काच्या हाती लागणार नाही. दुकानात मोटरींच्या जळक्या आर्मेचरच्या खोक्याखाली ठेवलं आहे, तिथे उंदीरसुद्धा जात नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या हातात तापलेली सोल्डरिंगची कांडी होती. "विमान बंद" वाचलं आणि कांडी बाकावर पडली. लाकूड जळाल्याचा वास आला तेव्हा भानावर आलो. माझ्या हातून आजवर कांडी पडलेली नव्हती. समोर ट्रकवाला डायनॅमो घ्यायला उभा होता. तो म्हणाला, "काय सहदेवशेट, कोन गेलं?"

आता मुद्द्याचं. पडदा फाटला असं लिहितोस. कुठे फाटला? वर, खाली, नाकाच्या बाजूला की कानाच्या? मोटर जळाली म्हणून कोणी आला तर मी पहिल्यांदा कुठलं कॉइल ते शोधतो. मी सातवीतून शाळा सोडली, मोटरीत तार भरायचं वाइंडिंग मला कोणी शिकवलं नाही, इंग्रजी पुस्तक आणि शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो, आणि आज खोपोलीच्या कारखान्यांतले इंजिनियर मोटरी माझ्याकडे पाठवतात. का? कारण मी जागा विचारल्याशिवाय हात लावत नाही. तूही दोघांना आधी जागा विचार. मग विचार की आजवर किती केली, त्यांतली किती बिघडली, यंत्रावर स्वतः बसणार की सहायक, आणि विमान चालवणाऱ्याचा डोळा हाताळला आहे का.

गुंजीकर ते हेच. आमच्या गावच्या मंडळाने कार्तिकात शाळेत मोतीबिंदूचं शिबीर घेतलं, त्याची दिवाबत्ती माझ्याकडे होती. खरं तर शिबीरच माझं म्हण. नढाळ, कलोते, पार खालापूरपर्यंत लूनावर फिरून मी माणसं गोळा केली. म्हाताऱ्या घाबरत होत्या, मी एकेकीच्या पाया पडलो. आणि गुंजीकरांचा हात काय चालतो म्हणून सांगू! एकीचा डोळा संपवून दुसरीकडे वळायचे, तेवढ्यात मला दिव्याची वायर ओढायला वेळ पुरत नव्हता. संध्याकाळच्या आत सगळं आटोपून गाडीत बसले. असा हात मी वाइंडिंगमध्येही पाहिला नाही.

तरी मी ऐकीव गोष्टीवर जाणारा नाही. तू दोघांना भेटून ये. तोवर घाई करू नकोस.

तुझा,
सहदेवमामा

*

विलेपार्ले
१५ जानेवारी १९८४

ति. मामांस शि. सा. नमस्कार.

दोघांना भेटलो. तुमचे सगळे प्रश्न खिशात घेऊन गेलो होतो.

गुंजीकरांच्या दवाखान्यात गारेगार हवा, भिंतीवर शिबिरांचे फोटो. एकात तुम्ही आहात, हातात वायर धरून. आधी त्यांच्या सहायकाने भिंगातून बघून कागदावर डोळ्याचं चित्र काढलं. मग डॉक्टर आले, चित्रावर नजर टाकली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कॅप्टन, पाच मिनिटांचं काम. पुढच्या महिन्यात आभाळात." किती केली विचारलं तर हसले. "मोजायचं सोडून दिलं." बिघडली किती? "माझ्याकडे बिघडायला कोणी येत नाही." मी अजून कॅप्टन झालेलो नाही, पण बरं वाटलं हो.

इराणीबाई म्हणजे दुसरं टोक. बाकावर ताटकळत बसवलं. मग स्वतः बघितलं, पुन्हा थेंब घालून पुन्हा बघितलं, आडवं झोपवून बघितलं. स्वतः चित्र काढलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. फाटलंय वरच्या बाजूला, कानाकडे. किती बिघडली विचारलं, तर त्यांनी मला एकेक सांगितली! एक शिक्षक होता, त्याचा पडदा लेसरनंतरही सुटला. एक बाई होती, तिला उशीर झाला. वैमानिकाचा डोळा कधी हाताळलेला नाही, म्हणून मंडळाला आधी फोन करून विचारीन म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "गुरुवारी या. थांबू नका. आणि खात्री मी देत नाही."

मामा, तिथून निघालो तो घामाघूम होऊन. खात्री नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हाती डोळा कसा द्यायचा? गुंजीकर म्हणतात एवढी घाई नाही, ते दौऱ्यावरून आले की निवांत करू. तुम्ही त्यांच्या शिबिरातल्या माणसांना प्रत्यक्ष भेटून याल का? त्यांना दिसत असेल तर माझा जीव भांड्यात पडेल.

आपला,
वाल्मिक

*

चौक
२१ जानेवारी १९८४

चि. वाल्मिक यास अनेक आशीर्वाद.

दुकान बंद ठेवून फिरलो. निकाल सांगतो, गुंजीकर.

नढाळला अंबूबाईकडे आधी गेलो. सगळ्यांत म्हातारी, दोन्ही डोळे केलेले. अजून लूना अंगणात लावतोय तोच ओटीवरून हाक, "आला काय रं सहदेवा? यं, बस." मला वाटलं नाचावं! शिबिराच्या आधी हीच बाई हात धरून फिरत होती. मी विचारलं, "आत्या, दिसतं ना?" तर म्हणते, "दिसतं रं बाबा, न दिसायला काय झालं? देवमानूस हाय तुजा डाक्टर." मी आपला नेमकेपणासाठी तीन बोटं वर केली. "सांग किती." तर हसत सुटली. "माज्यासंगं शाळा खेळतोस काय रं, मेल्या? जने, चाय ठेव." आता अंगणातून ओळखणाऱ्या बाईला बोटं मोजायला लावणं मलाही बरं दिसेना.

कलोत्याची धोंडूबाई म्हणाली, "लय ब्येस." खालापूरचा विठू तर म्हणाला की चष्मा लावला की माथेरानच्या डोंगरावरचं झाड न् झाड दिसतं. जिथे गेलो तिथे चहा झाला. एकानेही तक्रार केली नाही. एकानेही!

आता त्या इराणीबाई. आपल्याच तोंडाने आपली बिघडलेली कामं सांगत बसते, ती काय हिमतीने यंत्राला हात लावणार? माझ्या दुकानात मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं तर तो मोटर उचलून पुढच्या दुकानात जाईल. आणि "गुरुवारी या, थांबू नका" म्हणजे काय? घाई करणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हा माझा अनुभव आहे. गुरुवारी गेला नसशीलच, बरं केलंस.

गुंजीकरांची तारीख घे. मी जबाबदार.

सहदेवमामा

*

विलेपार्ले
२५ जानेवारी १९८४

ति. मामांस शि. सा. न.

तारीख घेतली. ३ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी. तुमच्या पत्राने शांत झोप लागली.

एकच किरकोळ गोष्ट. गुंजीकरांच्या सहायकाने काढलेलं चित्र मी काल नीट बघितलं, त्यात फाटलेली जागा खाली दाखवली आहे. इराणीबाईंनी वर दाखवली होती. मी सहायकाला विचारलं, तर म्हणाला, भिंगातून सगळं उलट दिसतं, तुम्ही त्यात पडू नका. तसंच असेल.

आईला सांगा, सुट्टी नाही म्हणून येत नाही.

आपला,
वाल्मिक

*

चौक
३१ जानेवारी १९८४, दुपार

वाल्मिक,

मी आत्ता तार करून आलो आहे. 'ऑपरेशन रद्द कर. मामा.' ट्रंक कॉल लावला होता, तुमच्या इमारतीतला फोन कोणी उचलत नाही. हे पत्र जलद टपालाने टाकतोय. तार मिळाली नसेल तर हे वाचून तिथल्या तिथे थांब. शुक्रवारी जाऊ नकोस. कारण खाली लिहितो. घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

काल नढाळला एका शेतावरच्या पंपाची मोटर बघायला गेलो. लूना पंक्चर झाली म्हणून रस्त्यावर ठेवली आणि बांधावरून चालत अंबूबाईच्या मागच्या दाराशी आलो. ती पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. मी पुढे जाऊन उभा राहिलो. माझी सावली सुपात पडली. ती निवडतच राहिली. निवडत नव्हती रे, चाचपत होती! एकेक दाणा बोटांत धरायची, चोळायची, टाकायची. मी खाकरलो, तशी मान वर केली आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "कोन हाय? जने, कोन आलंय गं?"

तिची सून जनी बाहेर आली, मला बघितलं आणि तोंडावर पदर धरला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, सासूला काय बोलू नका. तुमच्या गाडीचा फटफटाट वळनावर आला का तिला समाजतं. मागल्या टायमाला बी तसंच वळाखलं तुमाला."

मी म्हटलं, "आणि डोळे?"

"पट्टी सोडली तवा निस्तं धुकं. मंग दुखाय लागलं, पानी गळाय लागलं. मंग धुकं बी गेलं."

"अगं मग मला का नाही सांगितलं? मी घरी येऊन विचारलं ना!"

तर ती पोरगी माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं. "तुमाला कसं सांगायचं, दादा? तुमी तिच्या पाया पडून तिला नेलंत. तुमच्या मांडवात जेवली ती, तुमी दिलेली घोंगडी पांघरली. तुमच्या तोंडावर सांगायचं का तुमी नेलंत नि आमी आंधळे झालो? तुमची मान खाली गेली आसती. सासू म्हनाली, त्याचं मन मोडू नको."

वाल्मिक, मी ओटीच्या कडेवर बसलो. मी, जागा विचारल्याशिवाय हात न लावणारा, ज्या घरात पाहुणा म्हणून मान आहे त्याच घरात जाऊन विचारत फिरलो की माझा पाहुणचार कसा होता! आणि कोणी वाईट बोललं नाही म्हणून तुला लिहिलं, मी जबाबदार!

जनीला बरोबर घेऊन आज सकाळी कलोत्याला गेलो. तिने आधी आत जाऊन सांगितलं की दादा रागावणार नाहीत, खरं काय ते बोला. धोंडूबाई आधी नाय नाय म्हणाली आणि मग रडायलाच लागली. तिचा डोळा पिकला होता. कंपाउंडरला सांगितलं, तो म्हणाला हळूहळू येईल. गुंजीकर परत एकदाही आले नाहीत. गाडीत बसले ते बसलेच. आणि त्यांचा तो झपझप चालणारा हात बघून मी टाळ्या वाजवत होतो. विठूला मात्र खरंच दिसतं. पण मी त्यालाही पुन्हा तीन वेळा विचारलं, तेव्हा कुठे विश्वास बसला.

इराणीबाईंनी आपली बिघडलेली कामं सांगितली. गुंजीकरांची बिघडलेली मला गावोगाव हिंडून शोधावी लागली. आणि चित्र वर की खाली, हे तू किरकोळ म्हणतोस! ते वाचूनही मी गप्प कसा बसलो, मला कळत नाही. इराणीबाईंकडे जा. आजच जा.

मामा

*

विलेपार्ले
४ फेब्रुवारी १९८४

ति. मामांस शि. सा. नमस्कार.

तार आणि पत्र, दोन्ही मिळाली. पण डॉक्टरांचा आणखी एक दौरा ठरला म्हणून त्यांनी मला ३० तारखेलाच बोलावून घेतलं होतं. तुमची तार आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

खरोखर पाच मिनिटांत झालं. फार दुखलंही नाही. तुम्ही अंबूबाईचं जिवाला लावून घेऊ नका. मोतीबिंदू वेगळा आणि लेसर वेगळं. माझं सगळं छान झालंय. मला दिसतं.

आईला नमस्कार.

आपला,
वाल्मिक

*

चौक
७ फेब्रुवारी १९८४

चि. वाल्मिक,

"मला दिसतं" हे तुझं वाक्य वाचलं आणि तसाच दुकान बंद करून लिहायला बसलो. कारण हेच वाक्य मी गेल्या महिन्यात घरोघर चहाबरोबर गिळलं.

तू माझा भाचा, या मातीतलाच. मला माहीत आहे तू काय करतोयस. मी तुझ्या खोलीवर येऊन विचारलं तर तूही हसशील आणि स्टोव्हवर चहा ठेवशील. म्हणून मी येत नाही आणि विचारत नाही. सांगतो ते कर. डावा डोळा तळहाताने झाक. खोलीच्या दारासमोर उभा राहून कडीकडे सरळ बघ, नजर हलवू नकोस. चौकटीची वरची पट्टी दिसते? दोन्ही बाजू? खाली उंबरा दिसतो? सगळी चौकट दिसली तर उत्तम. दिसली नाही तर हे पत्र खाली ठेव, चप्पल घाल आणि इराणीबाईंकडे जा. तिथे रांगेत ताटकळत बसवतील, तर बस.

माझी मान खाली जाईल याची काळजी तू करू नकोस. माझं कामच मान खाली घालून करायचं आहे. अंबूबाईने माझी मान राखली आणि आपला डोळा घालवला. तू तसं केलंस तर मी बायजाअक्काच्या समोर कुठल्या तोंडाने उभा राहू?

मला उत्तर नको. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत कळव.

मामा

*

मुंबई, इस्पितळातून
१९ फेब्रुवारी १९८४

ति. मामांस शि. सा. नमस्कार.

माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत, हलायची परवानगी नाही. हे पत्र मी सांगतोय आणि शेजारच्या खाटेवरचा नागू म्हसकर लिहितोय. तो पेणचा आहे, पाय मोडलाय, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

उंबरा दिसला नाही, मामा. तुमचं पत्र यायच्या आधीपासूनच दिसत नव्हता. तुम्हाला ४ तारखेला लिहिलं तेव्हाच डोळ्याच्या खालच्या कडेने काहीतरी तपकिरी वर येत होतं, विहिरीत पाणी चढावं तसं. मला कळत होतं. पण तुमचं ते वेड्यावाकड्या अक्षरातलं पत्र समोर होतं. त्यावर मी कसं लिहिणार की आणखी एक आंधळा झाला?

इराणीबाईंनी भिंग लावून बघितलं. मग पुन्हा बघितलं. मग चित्र काढून दाखवलं, त्यांच्या शब्दांत सांगतो, "फाटलेलं आहे वर. लेसरचे डाग आहेत खाली, चांगल्या पडद्यावर, अगदी सुबक. वरच्या फटीला कोणी हातच लावलेला नाही." सहायकाने भिंगात उलटं दिसलं ते तसंच कागदावर उतरवलं, आणि यंत्रावर बसलेल्या माणसाने डोळा न बघता कागद बघितला. तेवढ्या दिवसांत वरून पडदा सुटला. वरचा सुटला की खालचं दिसेनासं होतं, डोळ्यात सगळं उलट असतं म्हणे. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या गुरुवारी आला असतात तर डाग देऊन घरी गेला असतात." रागावून नाही म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

मोठं ऑपरेशन झालं. डोळा राहिला आहे. वाचता येईल असं त्यांना वाटतं, पण खात्री त्या देत नाहीत. आता मला त्याची भीती वाटत नाही. मी विचारलं, "विमान?" त्या म्हणाल्या, "नाही." मी पुन्हा विचारलं, वर्षाने, दोन वर्षांनी? "नाही, वाल्मिक. हे मी तुम्हाला आजच सांगते, म्हणजे तुम्ही वाट बघत बसणार नाही." पट्टीच्या आत रडायची बंदी आहे, तरी रडलो. नर्स ओरडली.

मामा, मला तुमचा राग आला. नागू लिहायला कचरतोय, पण मी लिहायला लावतोय. खूप आला, आणि अजून आहे. तुम्ही खरं सांगायला शिकवलंत, म्हणून हेही सांगतो. पण तुमचं दारासमोर उभं राहायचं पत्र आलं नसतं तर मी अजून खोलीवर बसून छान आहे, छान आहे म्हणत असतो, आणि डोळाही गेला असता. हेही तितकंच खरं आहे.

इराणीबाईंना अंबूबाई आणि धोंडूबाईबद्दल सांगितलं. घेऊन या म्हणाल्या. काही करता येईल का, बघितल्याशिवाय सांगत नाहीत.

त्या दोघींना आणाल तेव्हा आईलाही आणा. आता लपवू नका. पण वाटेत तिला तुम्ही काही सांगायचं नाही, ते माझं काम आहे. ती खाटेशी येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवील आणि पहिल्यांदा तेच विचारील, दिसतं का रं बाळा. मी तिला नाही म्हणून सांगणार आहे. त्या वेळी तुम्ही तिच्या मागे उभे राहा, ती पडेल.

आपला,
वाल्मिक